हे कितवं, माय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण गुरुजींनी विचारलं आहे, गावात लेकरं कमी का झाली? त्यांच्या जिल्हा परिषद शाळेत यंदा पहिलीला तीनच मुलं आली, साऱ्या शाळेचा पट सतरा. सरपंच म्हणतात, आजकालच्या सुनांना लेकरंच नकोत. मुख्याध्यापक म्हणतात, महागाई. गुरुजींना दोन्ही पटत नाही. मी चौतीस वर्षं याच भागात नर्सबाई म्हणून फिरले, शेवटची काही वर्षं आरोग्य सहाय्यिका होते, म्हणून मला काय दिसलं ते त्यांना ऐकायचं आहे.

गुरुजी, सरपंचांचं आधी निकालात काढू. ‘मला लेकरूच नको’ म्हणणारी बाई अख्ख्या नोकरीत दोन-तीनदा भेटली असेल. लेकरू होत नाही म्हणून रडत आलेल्या मात्र कितीतरी. आमच्या उपकेंद्रात पाळणा लांबवायचं सगळं सामान असायचं, निरोध, माला-एन, तांबी. ज्यांचा पाळणा हललाच नाही, त्यांच्या हातात ठेवायला माझ्याजवळ वरच्या दवाखान्याची चिठ्ठी तेवढी होती. तेव्हा सुनांना लेकरं हवीच आहेत. सहा नकोत, इतकंच.

महागाईचं उत्तर अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं पुढे येईलच. पण १९८६ साली मी रुजू झाले तेव्हा काय स्वस्ताई होती? माझ्या पहिल्या उपकेंद्राखालच्या तांड्यावर भाकर आणि ठेचा यापलीकडे सणालाही फारसं काही नसे, आणि घरोघरी पाच-सहा लेकरं. नुसत्या ओढाताणीने मुलं कमी होत असती, तर ती तेव्हाच झाली असती.

मी सांगते ते नोंदवहीवरून. आमच्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. नवरा-बायकोचं नाव, बाईचं वय, जिवंत मुलं किती, मुली किती, शेवटचं लेकरू केवढं, साधन कोणतं. नवीन गरोदर बाई नोंदवायला आली की मी विचारायची, ‘हे कितवं, माय?’ ती म्हणायची, ‘पाचवं.’ मग लगेच दुसरा प्रश्न, ‘त्यातले जिवंत किती?’ ‘तीन.’ हे दोन प्रश्न जोडीनेच यायचे, एक विचारला आणि दुसरा नाही असं व्हायचंच नाही. निवृत्तीच्या आधीच्या दहाएक वर्षांत मात्र माझ्या लक्षात आलं की दुसरा प्रश्न माझ्या तोंडून सुटून जायला लागला. नवीन आलेल्या नर्सा तर तो विचारायला विसरायच्याच, त्यांना आठवण करून द्यावी लागायची. दुसरं हाय म्हटलं की पहिलं घरी खेळत असणार, हे आपण धरूनच चाललो.

१९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ वर्षाच्या आत जायची. २०२० साली हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. यात लसी आहेत, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, साखर-मिठाचं पाणी आहे, आणि आपल्याच विदर्भातलं एक मोठं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला, शेकायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन वजनकाट्याच्या झोळीत बाळ टाकते, त्याचं मूळ तिथे आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक सासू मला अजून आठवते. सुनेला चौथ्यानंतर ऑपरेशनचं सांगायला गेले होते. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, ‘बाई, चारातले दोन मरतीन, एक पोरगी दुसऱ्याच्या घरी जाईन. मंग माह्या पोराच्या म्हातारपणात पाणी कोण देईन?’ याला अडाणीपणा म्हणणारे आमच्यात खूप होते. मला तो चोख हिशोब वाटला, कारण तिची स्वतःची सातातली तीन गेली होती. हा हिशोब माझ्या भाषणाने बदलला नाही. तिच्या शेजारणीची चारही पोरं जगली, ती तिने डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठे बदलला. त्यामुळे मृत्यू कमी झाले आणि लगेच पाळणे थांबले असं कुठेच घडत नाही. मध्ये एक पिढी जाते, आणि त्याच पिढीत लोकसंख्या भसाभस वाढते.

याची उलटी बाजूही पाहिली. एका बाईने दोन मुलगे झाल्यावर बाविसाव्या वर्षी ऑपरेशन करून घेतलं. सहा वर्षांनी थोरला सोयाबीनच्या शेतात साप चावून गेला. ती माझ्यापुढे येऊन बसली आणि एकच विचारत राहिली, ‘नळ्या जोडता येतात का, बाई?’ जोडता येतात, पण दिवस राहतीलच याची खात्री नसते. तिला राहिले नाहीत. ज्या काळात लोक जास्तीची लेकरं ठेवत, त्या काळाला मी त्यानंतर कधी हसले नाही.

पण लेकरं जगायला लागली एवढ्याने सारं सुटत नाही. बिहारातही बाळं पूर्वीपेक्षा खूप जगतात, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिथे एका बाईमागे सरासरी ३ मुलं होती. आपल्या महाराष्ट्रात १.७. याच सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत आपलाही आकडा २.९ होता. एका पिढीने आपली जागा भरून काढायची तर २.१ लागतात. म्हणजे आपण त्या रेषेखाली जाऊन बराच काळ झाला, फक्त शाळेत पट घसरेपर्यंत कोणाला दिसलं नाही.

मग दुसरं काय झालं? लेकराचं काम गेलं. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला हे ऐकीव असेल. कापसाच्या घरात आठ वर्षांचा पोट्टा म्हणजे दोन हात होते. सकाळी बकऱ्या, दुपारी वेचणी, फरतडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीच्या वेळी तर शाळा ओस. नऊ वर्षांची पोट्टी कडेवर धाकटं घेऊन दिवसभर बसे, म्हणून माय निंदणाला जाऊ शके. मोठी पोरगी असली की पुढचं लेकरू जवळजवळ फुकटात वाढायचं. जॉन काल्डवेल या अभ्यासकाने १९७६ साली नायजेरियातल्या घरांवरून मांडलं होतं की संपत्ती लेकरांकडून आईबापांकडे वाहते तोवर लोक जास्त मुलं होऊ देतात, आणि ती उलटी वाहू लागली की हात आखडतात. प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी फळ्यावर बाण काढून हे शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरची आमची एक मैत्रीण म्हणाली, ‘हे तं माह्या सासऱ्यालेई माहीत हाय.’

बाण आमच्याकडे कसा फिरला? पोरं शाळेत गेली. निंदणाच्या जागी तणनाशक आलं. जमीन तुकड्यांत गेली. कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४. चार भावांच्या वाटण्या झाल्यावर धुऱ्यावरून भांडणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. ती भांडणं ज्याने लहानपणी ऐकली, त्याने आपल्या पोरांत वाटणीच नको म्हणून एकावर थांबायचं ठरवलं, असं मला पुरुषांनी तोंडावर सांगितलं आहे. बायका हे कारण क्वचित सांगत, पुरुष हमखास.

आणि मग कॉन्व्हेंट. इंग्रजी शाळा कोणाचीही असो, आपण तिला कॉन्व्हेंटच म्हणतो. एका कास्तकाराने मला त्याच्या मुलीचा हिशोब क्विंटलमध्ये सांगितला होता. अकोल्याला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावायचा, खोलीभाडं, मेस, सगळं धरून वर्षाला दीड लाख. कापसाला क्विंटलमागे सात हजार धरले तर एकवीस क्विंटल. त्याचं कोरडवाहू रान, एकरी पाच क्विंटल झालं तर देव पावला. म्हणजे चार एकराचा सगळा कापूस, आणि त्यातून बी-बियाणं, फवारणी, वेचाई अजून वजा केलीच नाही. ‘एका पोरीतच वावर सरते, बाई. दुसरं कशात वाढवू?’ मुख्याध्यापकांच्या महागाईत खरं आहे ते एवढंच. तेल-डाळ महागली म्हणून कोणी लेकरू टाळत नाही. लेकराकडून जी अपेक्षा आहे, ती महागली.

आता मी माझ्या मुख्य म्हणण्यावर येते. चारचौघांत बोलताना सगळे धरून चालतात की आधी पैसा येतो, मग मुलं कमी होतात. विदर्भात मी हे उलटं पाहिलं. माझ्या हद्दीतल्या गावांत सगळ्यांत आधी दोनावर थांबलेली वस्ती पाटलांची नव्हती. बौद्धांची होती. जमीन नाही, रोजमजुरी, कुडाची घरं, आणि तरी नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या नोंदवहीत तिथल्या बायांपुढे दोन, फार तर तीन मुलं. मी नवीन होते, मला वाटलं नोंद चुकली. नंतर घराघरांत बसल्यावर कळलं. प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पोरांची दप्तरं. एक बाई म्हणाली, ‘माह्या पोराले मोळी विकाची नाई. शिकवाचं हाय. दोघालेच शिकवू शकतो.’

हा माझ्या चार गावांपुरता योग नव्हता. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात धर्मवार आकडे आहेत. देशभरात हिंदूंचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, १.९४, मुसलमानांचा २.३६, जैनांचा १.६०, आणि बौद्धांचा १.३९, सगळ्यांत कमी. बौद्धांपैकी बहुसंख्य महाराष्ट्रातले, म्हणजे १९५६ नंतरचे आपलेच लोक. ते श्रीमंत झाले म्हणून हे घडलं नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला होता आणि तो नामंजूर झाला. पण विचार वस्तीत राहिला. (मुसलमानांचा आकडा दाखवून गावात जे बोललं जातं, त्यांना सांगा की १९९२-९३ मध्ये तो ४.४ होता. सगळ्यांत जास्त तोच उतरला आहे.)

लेकराचं आयुष्य आपल्यापेक्षा वेगळं होऊ शकतं असं ज्या घराला पहिल्यांदा खरोखर वाटलं, त्या घरात पाळणा थांबला. पैसा त्याच्या आधी आला की नंतर, की आलाच नाही, हे घराघरावर होतं. पोरगा सालगडीच होणार असेल तर चार सालगडी बरे. एक तलाठी होऊ शकतो असं दिसलं की चारांचं खाणं एकाच्या पुस्तकांत जातं. हे ‘दिसणं’ शाळेतून येतं, एसटीतून येतं, शेजारच्या गावच्या पोराच्या नोकरीतून येतं. माझ्या भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणातून फारसं आलं नाही, हे मी त्याच त्रिकोणावर पगार घेऊन सांगते.

मुलींचं तर पाहायलाच नको. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांमागे देशात सरासरी २.८ मुलं, बारावी आणि पुढे शिकलेल्यांमागे १.८. मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस आणि आठवीला मिळणारी सायकल यांनी माझ्या भागात जितकी लग्नं दोन-तीन वर्षं पुढे ढकलली, तितकी कायद्याने ढकलली नसतील. कायद्यात मुलीचं वय १९७८ पासूनच अठरा आहे. तरी माझ्या पहिल्या दहा वर्षांत सोळाव्या वर्षी ओटी भरलेल्या कितीक पोरी मी अठरा लिहून नोंदवल्या. खोटं लिहिलं, कबूल करते.

आता ऑपरेशनचं. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीचा जो धुमाकूळ झाला, एकाच वर्षात साठ लाखांवर पुरुष, त्याने पुरुष या कामातून कायमचा उठला. माझ्या वेळी बाप्यासमोर विषय काढला की ठरलेलं उत्तर, ‘कमजोरी येते, वखर धरवत नाही.’ आज देशात कुटुंब नियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन: जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बायकोचं झालेलं, ०.३ टक्क्यांत नवऱ्याचं. कापूस घरी आला, थंडी पडली की ऑपरेशनचा कॅम्प. थंडीत टाका लवकर सुकतो अशी समजूत. एप्रिल १९९६ पर्यंत आम्हाला ऑपरेशनची उद्दिष्टं होती आणि मार्च जवळ आला की आम्ही, ग्रामसेवक आणि तुमचेच गुरुजी लोक ‘केस’ शोधत फिरायचो. एकाच बाईवर तिघांचा दावा असायचा. आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते.

पण कॅम्पने मुलं कमी केली असं मी म्हणणार नाही. कॅम्पला आलेली बाई ठरवून आलेली असे. आणि ती एका अटीवर ठरवून येई: मुलगा झालेला असला पाहिजे. पूर्वी मुलासाठी चार मुली होऊ द्यायचे. मुलं दोनच हवीत आणि त्यात मुलगा हवाच असं झालं, तिथे सोनोग्राफीचा दुरुपयोग घुसला. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. गडचिरोलीत ९६१. जिथे रस्ते, दवाखाने, पैसा जास्त, तिथे मुली कमी. छोट्या कुटुंबाचं कौतुक करताना हा भाग कोणी बोलत नाही.

त्याचं फळ आता शेतकऱ्यांची पोरं खात आहेत. तुमच्या गावात तिशी-पस्तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे किती, मोजा. मुली मुळात कमी, आणि ज्या आहेत त्या शिकल्या. बापच म्हणतो, पाच हजाराची नोकरी चालेल, वावर नको. आपल्या कापसाचे भाव आणि आपल्याकडच्या आत्महत्या पाहिलेला बाप चुकीचं बोलतो असं मला म्हणवत नाही. लग्न उशिरा झालं की एक सिझर, दुसऱ्या सिझरला डॉक्टर विचारतात, ‘यातच गाठ मारून घेता का?’ बहुतेक जण हो म्हणतात. काही जण दुसऱ्याचीही वाट पाहत नाहीत.

तेव्हा सहाची तीन झाली ती वेगळ्या कारणाने, तीनाची दोन वेगळ्या, आणि दोनाचं एक होतंय ते आणखी वेगळ्या. बातम्यांत दक्षिण कोरियाचा एका बाईमागे ०.७२ हा आकडा येतो, २०२३ चा. तिथे घरांच्या किमती, दिवस-रात्रीची नोकरी आणि लग्नच न करणं हा मामला आहे. पुण्याला गेलेल्या आपल्या पोरींना तो थोडा लागू पडेल. आपल्या राळेगावला किंवा दारव्ह्याला नाही.

लोक विचारतात, आता सरकारने जास्त मुलं व्हावीत म्हणून काही करावं का? डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातच सरसंघचालकांनी २.१ च्या खाली जाऊ नये, तीन मुलं असावीत असं म्हटलं. आणि दुसरीकडे आपल्याच राज्यात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं तर माणूस सरपंच होऊ शकत नाही. या दोन्हींनी गावातली एक बाई तरी आपला बेत बदलते का, तर माझ्या पाहण्यात नाही. सरपंचकीसाठी तिसरं लेकरू बहिणीच्या नावावर लावलेलं मात्र पाहिलं आहे.

राहिली तुमची शाळा. पट घसरला त्यातला किती पाळण्याचा आणि किती कॉन्व्हेंटच्या पिवळ्या व्हॅनचा, हे अंदाजाने ठरवू नका. आशाताईकडे सहा वर्षांपूर्वीची जन्मनोंद असते, अंगणवाडीताईकडे तीन ते सहा वर्षांची यादी. त्या दोन्ही तुमच्या पहिलीच्या हजेरीशेजारी ठेवा. बाहेर जाऊन बाळंत झालेल्या सुनांची लेकरं त्यात धरा आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींची वजा करा, नाहीतर गोंधळ होईल. सात-आठ नावं निघाली आणि शाळेत तीनच आली असतील, तर बाकीची सकाळी साडेसातला व्हॅनमध्ये बसतात आणि त्यांच्या आयांशी बोलण्यासारखं काही आहे. नावंच चार निघाली तर पुढच्या तीन वर्षांच्या याद्याही आत्ताच काढून ठेवा, शाळा वाचवायच्या अर्जाला लागतील. नोंदवही मागितली की आशाताई कुरकुर करेल, कारण तीच माहिती तिला वहीत, मोबाइलमध्ये आणि बैठकीत अशी तीनदा भरावी लागते. दुपारी चारनंतर जा, तेव्हा ती घरी असते.